तुम्ही विचारलंत म्हणून: हजार वर्षांवरचा क्लास मी का बंद केला

दर वर्षी नाताळाआधीचे आगमनकाळाचे रविवार सुरू झाले की चर्च सुटल्यावर कुणीतरी मला गाठतंच. सर, तुम्ही प्रीमिल की अमिल की पोस्टमिल? आणि पूर्वी तरुण संघात क्लास घ्यायचात तो बंद का केलात? यंदा एका मुलानं तर सरळ विचारलं, प्रभू परत येणार हे तरी मानता ना? ते लागलं मला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मानतो. विश्वासांगीकारात जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल, हे वाक्य मी आजही मनापासून म्हणतो. माझं भांडण येण्याशी नाही, वेळापत्रकाशी आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात, ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य सांगितलंय. प्रभू त्या हजार वर्षांच्या आधी येतो (प्रीमिल), नंतर येतो (पोस्टमिल), की ती हजार वर्षं म्हणजे आत्ता चाललेला मंडळीचा, म्हणजे चर्चचाच काळ (अमिल), यावर देवाची माणसं पहिल्यापासून वेगवेगळं बोलत आलीयत. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर स्वतः यरुशलेमेतलं हजार वर्षांचं राज्य मानायचा, पण त्यानंच लिहून ठेवलंय की शुद्ध आणि भक्तिमान असे पुष्कळ ख्रिस्ती लोक तसं मानत नाहीत. पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टीननं आपण आधी प्रत्यक्ष हजार वर्षं मानत होतो हे कबूल करून मत बदललं. आणि ज्या 'मंडळी आधी गुपचूप उचलली जाईल, मग सात वर्षं महासंकट' यावर तुम्ही माझी परीक्षा घेता, ती मांडणी जॉन डार्बी या उपदेशकानं 1830 च्या सुमारास पुढे आणली आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून ती घरोघरी गेली. 1813 ला मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी ज्या पिढीतले होते तिच्यात उलटीच आशा जोरात होती, की सुवार्तेनं जग बदलत जाईल आणि मग प्रभू येईल. म्हणजे ज्यांच्यामुळे आपल्यातल्या कित्येकांच्या घरात बायबल आलं त्यांनाही तुम्ही हाच प्रश्न विचारणार का?

पण हे सगळं मी नंतर वाचलं. क्लास बंद होण्याचं कारण हे नाही.

1999 साली मी बावीस वर्षांचा होतो. कॉम्प्युटर बंद पडणार, 2000 साल, सगळीकडे तीच चर्चा. मी अडीच मीटर मांजरपाट आणला, त्यावर ऑइलपेंटनं काळांचा तक्ता काढला, वर बाण, खाली अग्नीचं सरोवर, मधे लाल रंगात सात वर्षं. माझ्या आत्यानं तिच्या मशीनवर कडा दुमडून दिल्या आणि वर काठी घालायला नेफा शिवला. शनिवारी संध्याकाळी ती पहिल्या बाकावर बसायची, मांडीवर वही घेऊन. तिला अभिमान होता माझा, आणि मलाही होता, खोटं कशाला बोलू.

2021 च्या मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना कोविडची लस सुरू झाली तेव्हा आत्या सदुसष्ट वर्षांची, शुगर असलेली. मी नाव नोंदवतो म्हटलं तर नको म्हणाली. लस म्हणजे श्वापदाची खूण असं काही व्हॉट्सअपवर आलं असेल म्हणून मी समजवायला बसलो. आत्या, प्रकटीकरणाच्या तेराव्यात उजव्या हातावर किंवा कपाळावर प्रभूविरोधी श्वापदाची खूण लिहिलीय, ही लस आहे, खूण नाही, आणि प्रभूला नाकारायला कुणी सांगतंय का तुला? ती काही बोलली नाही. उठली, ट्रंकेतून वही काढली, पान उघडून माझ्यासमोर धरलं. निळी शाई, तिचं गोल अक्षर, वर शनिवारची तारीख. 'आधी सोय म्हणून देतील, मग सक्ती करतील. तेव्हा विश्वासणाऱ्यानं नाही म्हणायचं.' खाली कंसात माझं नाव.

"हे तूच सांगितलंस ना रे?"

मी म्हटलं, तेव्हा मी लहान होतो. ती म्हणाली, "वचन तर तेच आहे." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे उत्तर होतं, पण बावीस वर्षांपूर्वी मी जितक्या खात्रीनं बोललो होतो तितक्या खात्रीनं मला आता बोलता येईना.

एप्रिलच्या शेवटी ती गेली. ऑक्सिजनचा बेड मिळाला तो तिसऱ्या दिवशी. घरचे म्हणतात एका डोसनं काय झालं असतं, तिची वेळ आली होती. असेल. मलाही रात्री असंच म्हणावंसं वाटतं आणि सकाळी पटत नाही.

कब्रस्तानात आम्ही मोजके लोक, पाळकांच्या तोंडावर दोन मास्क, त्यांनी पहिलं थेस्सलनीकाकरांस चौथा अध्याय वाचला. माझा अध्याय! सतराव्या वचनावर, 'मेघांत उचलले जाऊ' वर, मी छडी ठेवून अर्धा तास बोलायचो. पाळक पुढे गेले. अठरावं वचन, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. पौलानं हे लिहिलं होतं ज्यांची माणसं गेली होती त्यांच्यासाठी, आणि मी ते घेऊन जिवंत माणसांना घाबरवत होतो. माझ्या तक्त्यावर अठरावं वचन नव्हतंच.

आता म्हणाल, म्हणजे तुम्ही अमिल झालात. तसंही नाही हो. बावीस वर्षांचा तो मी अजून आत वाद घालतो आणि त्याचे सगळे मुद्दे चुकीचे नाहीत. प्रकटीकरणाच्या त्याच विसाव्या अध्यायात चौथ्या वचनात 'जिवंत झाले' आणि पाचव्यात बाकीचे मेलेले 'जिवंत झाले नाहीत', मूळ ग्रीकमध्ये क्रियापद एकच. मग पहिलं पुनरुत्थान आत्मिक आणि दुसरं शरीराचं असं मधेच कसं बदलायचं? तो मला हे विचारतो. मी ऑगस्टीन पुढे करतो, त्याला पटत नाही, आणि बऱ्याचदा मलाही पटत नाही. तिथे मी अजून अडकलेलाच आहे.