सुती दोरी

संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंची डागडुजी करणं हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी दोरी तुटलेलं, संथाळ आदिवासींचं एक धनुष्य टेबलावर आलं. मी त्याला मेण लावलेली सुती दोरी चढवली, कार्डावर ‘दुरुस्त’ लिहिलं आणि ते कपाटात ठेवलं.

या जानेवारीत नोंदी घ्यायला झारखंडात, दुमका जिल्ह्यातल्या एका गावी गेलो. सकरातीचा, म्हणजे त्यांच्याकडच्या संक्रांतीचा, आदला दिवस होता. दुसऱ्या दिवशी बेझा, म्हणजे केळीच्या खुंटावर बाणांचा नेम. अंगणात एक म्हातारबाबा धनुष्य तासत बसले होते. जोहार केला आणि मोबाइलवर आमच्या धनुष्याचा फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला नि थेट दोरीवर थांबले. काहीतरी पुटपुटले.

नातू हिंदीत म्हणाला, “आजोबा विचारतात, हे कुणी केलं?”

“मीच, बाबा.”

ते रागावले नाहीत. बांबूची एक कामटी ओढून तासायला लागले. सालीकडची बाजू राखायची, आतला गर काढायचा. मधेमधे कामटी उजेडात धरून बघायची, जाडी कुठे कमीजास्त नको. टोकांना दोऱ्याचे फास. धनुष्यावर चढवून त्यांनी ती बोटाने छेडली, आणि टणत्कार झाला. सूत ताणतं, बाणाला मिळायचा जोर दोरीच खाते. बांबू ताणत नाही. नंदुरबारकडच्या भिल्लांच्या तीरकामठ्यालाही बांबूचीच दोरी असते. लहानपणापासून पाहिलेली, तरी टेबलावर ती आठवली नाही, याची मला फार लाज वाटली.

मग बाण दाखवले. बोरूसारख्या हलक्या काडीला कामाराने, म्हणजे लोहाराने, घडवलेलं लोखंडी पातं. पाखरांसाठी बोथट लाकडी टोकाचा, म्हणजे पाखरू पडतं पण फाटत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीवर बंधनं आली, पण संथाळाच्या घरातून बाण गेलेला नाही. जुन्या रीतीप्रमाणे मूल जन्मलं की नाळ बाणाच्या पात्यानेच कापतात. बाबांनी आढ्यातून एक काळवंडलेला बाण काढून नातवाच्या हातात दिला. “हा त्याचा.” नातू लाजला.

निघताना तासलेल्या कामटीचं वेटोळं त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

परत आल्यावर सुती दोरी उतरवली. नवी चढवली नाही. जुन्या लाकडावर आता ताण नको. कामटीला वेगळा क्रमांक देऊन ती त्याच कपाटात ठेवली, आणि कार्डावरचं ‘दुरुस्त’ खोडलं.