तुम्ही विचारलंत म्हणून: पेशी दाबानंच मेल्या का?

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, खिडकी असलेल्या बंद चेंबरमध्ये वायूचा दाब देऊन जिवंत पेशी पाहणाऱ्यांचा हा प्रश्न. "२० बार दाब देऊन पेशी बाहेर काढल्या तर गोल होऊन काचेवरून सुटलेल्या. दाब सोसला नाही, असंच ना?" हे मला सारखं विचारलं जातं. बहुतेक वेळा तसं नसतं. १ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब, आणि २० बार म्हणजे समुद्रात साधारण १९० मीटर खोलीचा दाब. सस्तन प्राण्यांच्या पेशी नुसता एवढा दाब तासभर सहज सोसतात.

आधी संशय घ्यावा तो वायूच्या मिश्रणावर. पेशी वाढवायच्या पेटीतलं, म्हणजे इन्क्युबेटरमधलं, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण तसंच २० बारपर्यंत भरलं, की कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) ०.०५ वरून थेट १ बारवर जातो. वायू विरघळतो तो आंशिक दाबाच्या प्रमाणात, टक्केवारी काहीही असो. पेशींच्या पोषक द्रवात, म्हणजे मीडियममध्ये, आम्लता सावरणारं बायकार्बोनेट आहे तेवढंच, कार्बन डायऑक्साइड वीसपट, पीएच ७.४ वरून ६.१ च्या आसपास उतरतो. फिनॉल रेड (आम्लता वाढली की पिवळा पडणारा रंग) घातलेलं मीडियम खिडकीतूनच पिवळं दिसतं. शिवाय ऑक्सिजन ४ बारपर्यंत चढतो, आणि इतका ऑक्सिजन पेशींना विषच.

म्हणून नेहमीच्या मिश्रणासह, वातावरणाच्याच दाबाला चेंबर बंद करा आणि वर शुद्ध हेलियम चढवा. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून त्यावर १९ बार दिसले की पुरे. नायट्रोजन जास्त दाबाला गुंगी आणतो, झेनॉन तर भूलच देतो. हेलियम त्यांच्या मानानं निरुपद्रवी. नायट्रोजनचाच परिणाम पाहायचा असला, तरी तेवढ्याच दाबाचा हेलियमचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, हवाच. त्याशिवाय दाब आणि वायू वेगळे काढता येत नाहीत.

मीडियमचा थर उथळ ठेवा. १ मिमी थरातून नायट्रोजन तळापर्यंत मुरायला आठ-दहा मिनिटं लागतात, ३ मिमीतून तास-सव्वा तास.

खिडकीचं थोडक्यात. १० मिमी व्यासाच्या उघड्या भागावर २० बारला सुमारे १६ किलो भार येतो, ०.१७ मिमीची कव्हरस्लिप (सूक्ष्मदर्शकाची पातळ काच) तिथे नको. १ मिमी सफायर (कृत्रिम नीलमाचा पारदर्शक स्फटिक) घ्या, त्याच्या मुख्य अक्षाला, म्हणजे सी-अक्षाला, काटकोनात कापलेला, नाहीतर ध्रुवित प्रकाशात प्रतिमा बिघडते. पेशी त्याच्यावरच वाढवा. ऑब्जेक्टिव्ह (पेशींकडचं भिंग) लाँग वर्किंग डिस्टन्सचा, म्हणजे लांबून फोकस होणारा, आणि खिडकीच्या जाडीनुसार जुळवायच्या करेक्शन कॉलरचा. दाब चढताना खिडकी मायक्रॉन-दोन मायक्रॉन फुगते आणि फोकस सुटतो, तो दाब स्थिरावल्यावर पुन्हा लावा. नव्या चेंबरची पहिली चाचणी पाणी भरून घ्या. खिडकी फुटली तर दाबलेला वायू तिचे तुकडे उडवतो. नंतरही आयपीसला डोळा लावू नका, कॅमेऱ्यातूनच पाहा.

आता दाब सोडणं. माझ्या मते सगळ्यात जास्त पेशी इथेच जातात. झडप पटकन उघडली, तर विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर येतो आणि पेशी उखडतो. तीस-पन्नास बारला नायट्रोजन मुरवून दाब एकदम सोडणं ही पेशी फोडायची प्रचलित पद्धतच आहे! नीडल व्हॉल्व्हनं (वायू अगदी थोडा थोडा सोडणारी झडप) एक-दोन तास घ्या, आणि शेवटचे बार सर्वांत सावकाश सोडा: २० वरून १९ वर येताना बुडबुडा जेमतेम ५ टक्के फुगतो, २ वरून १ वर येताना दुप्पट होतो. चेंबर हवाबंद करणाऱ्या रबरी ओ-रिंगमध्येही वायू मुरलेला असतो. घाईनं तिला फोड येतात आणि पुढच्या वेळी ती गळते.

तेव्हा भरण्याआधी, दाबाखाली आणि सोडताना, दर पाच मिनिटांनी एकाच जागेचा फोटो घ्या. दाबाखालच्या शेवटच्या फोटोत पेशी पसरलेल्या, चिकटलेल्या असतील, तर दोष झडपेचा. पहिल्या अर्ध्या तासातच गोल झाल्या असतील, तर संशय वायूवर: सिलिंडरवरचं लेबल पुन्हा वाचा.