लाल झाकण

ओपीडी संपत आली होती. तिशीतली एक शिक्षिका उजव्या डोळ्यावर तळहात धरून आत आली. मल्टिपल स्क्लेरॉसिसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते त्या आजाराचं, निदान आधीच झालेलं. चार दिवसांपासून डोळा वळवला की आतून कळ यायची, आणि बघावं तिथेच नेमकं पुसट दिसायचं.

बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीचं झाकण लाल असतं. ते मी तिच्यासमोर धरलं. डाव्या डोळ्याने बघून म्हणाली, "लाल." मग डावा डोळा झाकायला लावला. ती बराच वेळ बघत राहिली. "हे तेच झाकण आहे ना, डॉक्टर? रंग विटल्यासारखा वाटतोय." टॉर्च डाव्या डोळ्यावरून उजव्यावर नेला, तर बाहुली आक्रसायच्याऐवजी पसरली. डोळ्याची नस सुजली होती. आतून डोळा मात्र स्वच्छ. सूज मागच्या भागात असली की तपासताना आत काही दिसत नाही, आणि अशा पेशंटला नंबर बदललाय म्हणून परत पाठवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

"काही औषध घेतलंत?"

पर्समधून स्ट्रिप निघाली. मागच्या वेळच्या उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. रोज एक घेत होती. डोळ्याच्या नसेच्या या सुजेवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ साली आले. वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या नुसत्या गोळ्या घेतलेल्यांना हाच त्रास पुन्हा जास्त वेळा झाला होता. तिला हे कोण सांगणार? उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं, एवढंही कुणी सांगितलं नव्हतं. स्टेरॉइड सलाइनमधून देता येईल, असं मी तिला सांगितलं.

"सलाइन लावलं नाही तर डोळा जाईल का?"

इथे 'हो' म्हणणं सोपं असतं. पेशंट लगेच तयार होतो. मी म्हटलं, "नाही. सलाइनने नजर लवकर येते. सहा महिन्यांनी बघितलं तर घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फारसा फरक उरत नाही."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मुलांच्या वह्या तपासायच्या आहेत. मला लवकर हवंय."

लघवी, साखर, रक्तदाब तपासून सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं, रोज १ ग्रॅम, तीन दिवस. तोंडाला धातूची चव आली, दोन रात्री झोप नाही. कळ दुसऱ्या दिवशीच थांबली.

सहा आठवड्यांनी तिने तक्त्याची शेवटची ओळ वाचली. मग स्वतःच टेबलावरची बाटली उचलली, डावा डोळा झाकला.

"अजून थोडं फिकंच आहे," ती म्हणाली, "पण लाल आहे."