किती लोक आले होते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सहकारनगरच्या भाजीवाल्यापासून मेहुण्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत, मला सगळीकडे हाच प्रश्न येतो: "तुमच्या त्या फुकटच्या संगीत महोत्सवाला यंदा किती लोक आले होते?" त्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा असतो, आणि पुण्यात तो फार वेळ मागे उभा राहत नाही: "आमच्या करातून गाणी कशाला? आधी खड्डे बुजवा की."

आमच्या भागातल्या मैदानावर तीन संध्याकाळी हा महोत्सव होतो, सरकारी निधीतून. मी नागरिक समितीत आहे आणि बँकेतून निवृत्त झालोय, त्यामुळे हिशेबाची वही न मागता माझ्या गळ्यात पडली.

पहिल्या वर्षी मी बिनदिक्कत "२,००० लोक" असं सांगायचो. हा आकडा आला मांडववाल्याच्या बिलातून. बिलात तेवढ्या खुर्च्या होत्या! माणसं कुणीच मोजली नव्हती. कागदोपत्री मात्र सगळं चोख होतं, कारण शेवटी द्यायचं असतं ते उपयोगिता प्रमाणपत्र. पैसे मंजूर कामावरच खर्च झाले, असं त्यात लिहितात. कार्यक्रम ऐकायला कुणी होतं का, हा रकाना त्यात नसतो.

पुढच्या वर्षी मी तीनदा मोजायला लागलो: ७ला, साडेआठला आणि पावणेदहाला. पावणेदहाच का, तर १० वाजता ध्वनिक्षेपक बंद. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत ते. (त्यामुळे आमच्या श्रोत्यांना संध्याकाळचा यमन राग पाठ झालाय; रात्री उशिरा गायचा दरबारी यायच्या आत मांडववाला दोर सोडायला येतो.) ७ला गर्दी दिसते, कारण तेव्हा सत्कार असतात आणि सत्कारमूर्तींचे नातेवाईक असतात. पावणेदहाला उरतात ते श्रोते. मी तोच आकडा धरतो.

मग कुणीतरी हमखास सवाई गंधर्व महोत्सवाचं उदाहरण देतं. पुण्यात ते टळत नाही. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव, एकेकाळी रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली, थंडीत शाली गुंडाळून बसलेली माणसं. मीही त्यातलाच एक. पण ती माणसं तिकीट काढून येतात, आमचा मांडव नसता तरी त्यांनी गाणं ऐकलंच असतं. त्यांच्यासाठी सार्वजनिक पैसा कशाला? त्यांनी आमच्या खुर्च्या भरल्या तर मला आनंद होतो, पण तो मी जमेच्या बाजूला मांडत नाही. मी एवढंच बघतो की, हा निधी मिळाला नसता तर काय झालं नसतं.

याचं उत्तर मला मांडवाबाहेर मिळालं. तळजाईच्या उतारावरच्या वस्तीतल्या सात-आठ बायका तिन्ही दिवस फाटकापाशी उभ्या होत्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "नको, आम्ही इथंच बऱ्या." मी आत वळून पाहिलं. पुढच्या चार रांगा सोफ्यांच्या, त्यांवर 'निमंत्रितांसाठी राखीव' अशी पाटी, आणि निम्मे सोफे रिकामे. ते आम्हीच मांडले होते. फुकट कार्यक्रमाला आम्ही पासही छापले होते, आणि ते सोसायट्यांच्या अध्यक्षांच्या खणात पडून राहिले.

पुढल्या वर्षी सोफे गेले, पास गेले, पुढे सतरंज्या घातल्या. समितीत भांडण झालं. एक ज्येष्ठ सदस्य अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्या बायका आत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर नवरे आणि पोरं होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "आमचं भजनी मंडळ हाय, आमाला कधी घेताय?" बिलात न सापडणारा हिशेब हा असा.

यंदा ते मंडळ पहिल्याच संध्याकाळी बसलं. पखवाज थोडा चढा होता, साउंडवाल्याला सांगूनही त्यानं ऐकलं नाही. त्यांना वेळ ठरला होता ४० मिनिटांचा, मिळाली २५. बाकीची शाल-श्रीफळात गेली. मी घड्याळ लावून बसतो हल्ली. तीन दिवसांत भाषणं आणि सत्कार मिळून १ तास ५० मिनिटं. एवढ्यात दोन चांगल्या मैफली झाल्या असत्या, पण सत्कार बंद करायचं धाडस आमच्या समितीत नाही. माझ्यातही नाही, हे कबूल करतो.

आणखी एक गोष्ट मी वहीत लिहितो, जी कुणी विचारत नाही: शेवटच्या साथीदाराला पैसे कोणत्या तारखेला मिळाले. मुख्य गायकाचं मानधन बहुधा वेळेवर जातं, त्यांचा फोन येण्याची भीती असते. अडकतात ते तबलजी, पेटीवाले, ढोलकीवाले. कार्यक्रम फेब्रुवारीत, आणि एका वर्षी मधल्या ठेकेदारानं पेटीवाल्याला पैसे दिले जुलैत. लोकांच्या पैशावर उत्सव करायचा आणि वाजवणाऱ्याला पाच महिने ताटकळत ठेवायचं, तर मांडव कितीही भरू दे, मी त्याला यशस्वी म्हणत नाही.

तर यंदाचे आकडे. शेवटच्या दिवशी ७ला ९००, साडेआठला ६२०, पावणेदहाला ४१०. यशस्वी झाला का? ढोलकीवाल्याचे पैसे अजून यायचेत. ते आले की सांगतो.