आवडलेल्या कादंबरीशी भांडण

रविवार, रात्री

जोजो मॉइस यांची 'मी बिफोर यू' ही कादंबरी आज दुपारी वाचून संपवली. शेवटची प्रकरणे वाचताना डोळ्यांना सारखा पदर लावावा लागला, आणि तरीही पुस्तक मिटल्यापासून मनात एक राग ठसठसतो आहे. दोन्ही भावना तितक्याच खऱ्या आहेत. त्या लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कादंबरी २०१२ सालची आहे. लंडनमध्ये मोठमोठे व्यवहार करणारा, डोंगर चढणारा विल ट्रेनर मोटारसायकलच्या धडकेत मानेखाली लुळा होतो. कॅफेतली नोकरी गेलेली सव्वीस वर्षांची लुईसा क्लार्क सहा महिन्यांच्या करारावर त्याच्या सोबतीला येते. स्वित्झर्लंडमधल्या 'डिग्निटास' या संस्थेत जाऊन मरण पत्करण्याआधी विलने आईवडिलांना सहा महिन्यांची मुदत दिलेली आहे, हे तिला मागाहून कळते. प्रेम जुळते, पण त्याचा निर्णय बदलत नाही.

वि. स. तथा भाऊसाहेब खांडेकरांच्या कोल्हापुरात वाढलेल्या वाचकाला भावुक कादंबरीचे वावडे नसते, मला तर मुळीच नाही. लुईसा विलची वाढलेली दाढी करते, तो प्रसंग मी दोनदा वाचला. कोणीतरी आपल्याला रुग्ण म्हणून नव्हे, माणूस म्हणून हात लावते आहे, हे त्याला उमगते आणि बोलण्यातला कडवटपणा हळूच गळून पडतो. मैफलीहून परतल्यावर तो गाडीतून लगेच उतरत नाही. लाल पोशाखातल्या मुलीबरोबर गाणे ऐकून आलेला पुरुष एवढीच आपली ओळख आणखी थोडा वेळ टिकावी, असे त्याला वाटते. प्रेमकथेत इतके साधे आणि इतके खोल मागणे मी क्वचितच वाचले आहे, आणि ते लिहिणाऱ्या लेखिकेबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

संध्याकाळी मेथी निवडता निवडता सासूबाईंना गोष्ट सांगितली. त्यांनी ना विलबद्दल विचारले, ना लुईसाबद्दल. हातातली जुडी खाली ठेवून एवढेच म्हणाल्या, "अगं, पण आईनं त्याला जाऊ दिलं कसं?" गंमत म्हणजे, कादंबरीतले मला सर्वांत प्रामाणिक वाटलेले प्रकरण त्या आईच्याच तोंडून येते. मुलाने आधी एकदा जीव देण्याचा प्रयत्न केलेला असतो. आपण नाही म्हटले तर तो पुन्हा एकटा, वेदनेत तोच मार्ग धरील, या धास्तीपोटी ती मुदतीला कबूल झालेली असते. हे मी सांगितल्यावर सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत आणि मलाही पुढे काही सांगता आले नाही.

माझा राग मात्र इथूनच सुरू होतो. मी कोल्हापूरची आहे, आणि चाकाच्या खुर्चीवरचे आयुष्य म्हटले की मला नसीमादीदी हुरजूक आठवतात. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर लुळे पडले, तरी त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि अपंग मुलांसाठी वसतिगृह चालवले. 'चाकाची खुर्ची' या त्यांच्या आत्मचरित्रात निराशेची पाने कमी नाहीत, पण त्या पानांनंतरही आयुष्य पुढे चालू राहते. विलची इजा त्यांच्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे, शिवाय एकाचे धैर्य दुसऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, हे मला कळते. माझी तक्रार विलबद्दल नाहीच, लेखिकेबद्दल आहे. अशा अवस्थेतही जगणारे लोक तिच्या कादंबरीत येतात ते लुईसाच्या संगणकावरच्या मजकुरातून. त्यांतला एकही विलसमोर येऊन बसत नाही. २०१६ साली चित्रपट आला तेव्हा लंडनमध्ये अपंग व्यक्तींनी निदर्शने केली होती. अपंगाचे आयुष्य जगण्यालायकच नाही असे हा चित्रपट सुचवतो, हे त्यांचे म्हणणे मला आज नीट समजले.

मरण्याच्या हक्काला माझा विरोध आहे, असेही नाही. हल्ल्यानंतर भान हरपून अंथरुणाला खिळलेल्या मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांची बेचाळीस वर्षे ज्यांना ठाऊक आहेत, त्या आपल्यासारख्यांना तो प्रश्न परका नाही. त्यांच्याच खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाची वाट काही अटींवर मोकळी केली आणि पुढे २०१८ साली, दुसऱ्या एका खटल्यात, असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्रालाही ('लिव्हिंग विल') मान्यता दिली. पण तिथे प्रश्न होता कृत्रिम उपचार थांबवण्याचा. विल बोलतो, हसवतो, चिडतो, प्रेम करतो. त्याचे मरण निराळे आहे, आणि त्याचा निर्णय वाचकाला पटवायचा तर त्याच्या मनात खोल उतरायला हवे होते. अपघाताच्या सकाळचे छोटे प्रास्ताविक आणि शेवटचे पत्र सोडले, तर विलच्या बाजूने काहीच येत नाही. आई, वडील, परिचारक, लुईसाची बहीण या सगळ्यांना एकेक प्रकरण मिळते, त्याला मात्र नाही.

ते पत्र लुईसा पॅरिसच्या कॅफेत बसून वाचते. विलने मागे ठेवलेल्या पैशांवर तिचे शिक्षण होणार, तिला मोठे जग दिसणार. तिथे मी रडले, हे खरे. पण एका मुलीची उमेद जागी व्हावी म्हणून एका अपंग पुरुषाचे मरण कथेने किती सहज खर्ची घातले, हा विचार तेव्हाही मनात होता. विल जिवंत राहून, भांडत, आजारी पडत, तिला पॅरिसला पाठवतो आहे, अशी कादंबरी मला वाचायची होती.