कडू बी आणि नाशपतीचं सूप

सिंगापूरला येऊन दुसरंच वर्ष होतं. खोकला तीन आठवडे हटेना, म्हणून शेजारच्या चिनी आंटी म्हणाल्या, नाशपतीचं सूप कर, त्यात 'नान शिंग' आणि 'बेई शिंग' टाक. चिनी औषधांच्या दुकानातल्या अंकलनी लाकडी खणांतून काढून दोन पुड्या बांधून दिल्या. एकीत मोठ्या, चपट्या, पांढऱ्या बिया. दुसरीत लहान, फुगीर, तांबूस सालीच्या.

अरे, या तर जर्दाळूच्या बिया! लहानपणी जर्दाळू खाऊन झाला की आम्ही वरवंट्याने बी फोडून आतला 'बदाम' खायचो. त्याच सवयीनं घरी आल्याआल्या एक लहान बी तोंडात टाकली. कडूजहर! थुंकली, चूळ भरली आणि मग वाचत बसले. आधी वाचायला काय झालं होतं, देव जाणे.

नान शिंग गोड, बेई शिंग कडू. कडू बीत अमिग्डालिन असतं. बी चावली की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. चीनच्या अधिकृत औषधकोशातच ती 'किंचित विषारी' म्हणून नोंदलेली आहे, मात्रा 5 ते 10 ग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2016 मध्ये सांगितलं, की मोठ्या माणसानं एका वेळी तीनहून जास्त लहान कच्च्या बिया खाल्ल्या तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. अगदी लहान मुलाला एकसुद्धा जास्त. माझी लेक अडीच वर्षांची, आणि पुडी टेबलावर उघडी!

दुसऱ्या दिवशी पुडी घेऊन पुन्हा दुकानात. अंकल हसले नाहीत. कच्ची अजिबात नाही, म्हणाले. आधी भिजवायची, उकळत्या पाण्यात टाकून साल काढायची, मग सूप भरपूर उकळायचं, झाकण न ठेवता. झाकणाचं नंतर उमगलं: हायड्रोजन सायनाइड 26 अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यातून वाफेबरोबर निघून जातं. मी मात्र गॅस वाचवायला सगळं झाकूनच शिजवणारी.

दोन नाशपती, गोड बिया मूठभर, कडू सात-आठ, खडीसाखर. तासभर उकळलं. लेकीसाठी बियांशिवाय वेगळं केलं. खोकला गेला, सूपानं की आपणहून, सांगता येत नाही.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तुम्हाला एखादी कडू लागली की तुम्ही थुंकायचात. आम्ही म्हणायचो, नखरे करतात पोरं."