माझं बरोबर आलं

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

यूएफसीतल्या (ठोसे, किका, कुस्ती सगळं चालतं त्या एमएमए लढतींची संघटना) टायटलच्या लढतीचा माझा अंदाज खरा ठरून आठवडा उलटला, तरी ओंकारचा तो मेसेज डोक्यातून जात नाही. ‘ताई, मानलं तुला! टोपूरिया, नॉकआउट, दुसरा नाहीतर तिसरा राऊंड. म्हणाली होतीस तस्संच झालं!’ खाली टाळ्यांची रांग. मी एक अंगठा पाठवला, फोन उपडा ठेवला आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

खरं तर खूश व्हायला हवं होतं. टायटलच्या लढतीत कोण जिंकणार हे एकवेळ सांगता येतं, पण कसं जिंकणार तेही जुळून येणं दुर्मीळ. जुन्या लढती पुन्हा पुन्हा लावायच्या, दाब आला की कोण सरळ मागे जातो आणि कोण कडेने निसटतो ते बघायचं, तिसऱ्या राऊंडनंतर कुणाचे हात खाली येतात ते टिपायचं. हे सगळं ज्यासाठी करायचं ते जमलं. आणि मला मात्र वाटत होतं की चॅम्पियन अलेक्झांडर व्होल्कानोव्स्कीला, माझ्या व्होल्कला, मीच पाडलंय.

वेडेपणा आहे, कळतं मला. मी काही अ‍ॅनाहाइमला नव्हते, ठोसा मी मारला नाही. पण विरोधात लिहिलं होतं. ज्याच्या प्रत्येक लढतीला जीव मुठीत धरून बसले, त्याच्या नावापुढे मी ‘हरणार’ लिहिलं आणि तो हरला.

दुसऱ्या राऊंडची साडेतीन मिनिटं झाली होती. तोवर व्होल्क ठीक होता. पहिला राऊंड तर मला त्याचाच वाटला होता. पायांवर किका, सतत हलतं राहणं, नेहमीच्या त्या हुलकावण्या. मग टोपूरियाने रेटत रेटत त्याला जाळीपाशी नेलं. मागे सरकायला जागाच उरली नाही आणि उजवा हात वळून आला. व्होल्क ज्या तऱ्हेने खाली गेला ते बघताच कळलं, रेफ्री मध्ये येईपर्यंतचे ठोसे आता नुसते निमित्ताला. आणि गोम इथेच आहे, जिच्याबद्दल आठवडाभर मी स्वतःशीही बोलायचं टाळतेय. तो ठोसा बसला आणि मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी, अगदी पापणी लवेपर्यंत, माझ्या आत कुणीतरी म्हणालं, ‘बघ!’

कोण होतं ते?

दादाला विचारलं असतं. हे अंदाजांचं वेड मुळात आम्हा दोघांचं. असो.

मी हवेत लिहिलं नव्हतं. सप्टेंबरात व्होल्क ३५ वर्षांचा झाला. वेल्टरवेट (१७० पौंड) आणि त्याखालच्या वजनगटांत पस्तिशी गाठलेल्यांनी टायटलच्या लढती फार क्वचित जिंकल्यात, हे या खेळाच्या मागे असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जड गटातला माणूस चाळिशीतही एका ठोशावर लढत फिरवतो. व्होल्कच्या १४५ पौंडांच्या गटात सगळा खेळ पायांचा आणि नजरेचा, आणि नेमकं तेच आधी उतरतं. त्यात तो ऑक्टोबर. मखाचेव्हशी लढणाऱ्या ओलिव्हेराच्या डोळ्यावर जखम झाली म्हणून दोन आठवडेसुद्धा हातात नसताना हा अबू धाबीला गेला, वरच्या गटात मखाचेव्हसमोर उभा राहिला आणि पहिल्याच राऊंडमध्ये डोक्यावर किक खाऊन कोसळला. नंतर पत्रकारांसमोर बोलताना त्याचा बांध फुटला. लढत नसलो की डोकं थाऱ्यावर राहत नाही, अशा अर्थाचं तो बोलला होता. ते ऐकताना मला वाटलं होतं, बाबा, आता वर्षभर थांब. पण चार महिने पुरे व्हायच्या आत तो परत केजमध्ये. समोर २७ वर्षांचा टोपूरिया, एकही लढत न हरलेला. जूनमध्ये त्याने जॉश एमेटला पाचही राऊंड असा धुतला होता की एका जजने ५०-४२ दिले (राऊंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला सहसा ९ गुण). टोपूरिया पाच राऊंड टिकेल का, ही एकच शंका उरली होती, ती तिथेच मिटली.

म्हणून टोपूरिया लिहिलं. हात अडखळला, पण लिहिलं.

एवढं सगळं दिसत असताना व्होल्कचं नाव लिहिलं असतं तर तो अंदाज कसला, ती प्रार्थना झाली असती. हे मी स्वतःला समजावते, ते पटतंही, आणि पाच मिनिटांनी ते ‘बघ!’ परत ऐकू येतं. मला तो हरायला हवा होता का? माझा शब्द खरा ठरावा म्हणून?

लिऑन एडवर्ड्सची ती रात्र सारखी आठवतेय. ऑगस्ट २०२२, सॉल्ट लेक सिटी. पहिल्या राऊंडमध्ये त्याने चॅम्पियन उस्मानला खाली आणलं, जे यूएफसीत तोवर कुणालाच जमलं नव्हतं. आणि त्यानंतर तीन राऊंड काहीच नाही. चौथा संपल्यावर कोपऱ्यात कोच त्याच्यावर अक्षरशः खेकसत होता. तिन्ही जजांच्या कागदावर उस्मान ३९-३७ ने पुढे. पाचव्याचं शेवटचं मिनिट उरलं असताना एडवर्ड्सचा डावा पाय वर गेला, उस्मान कोसळला आणि सगळं संपलं. त्या दिवशी ज्यांनी एडवर्ड्स लिहिलं होतं त्यांतल्या किती जणांना ती किक आधी दिसली असेल? बहुतेकांना तो हवा होता, म्हणून लिहिलं. त्यांचं बरोबरही आलं आणि त्यांना आनंदही झाला, दोन्ही एकदम. मला त्यांचा हेवा वाटतो. माझ्या वाट्याला हे येतच नाही. ज्याच्यावर जीव जडतो त्याच्याकडे मी इतकी टक लावून बघते की त्याची उतरती कळा मलाच आधी दिसते. बाकीचे टाळ्या वाजवत असतात आणि मी त्याची दमछाक मोजत बसलेली असते. घरातही असंच झालं होतं. सगळे म्हणत होते, बरं आहे, सुधारणा आहे. आणि मी... जाऊ दे. तो विषय आज नको.

गुरुवारी रात्री न राहवून लढत परत लावली. ती संपल्यावर व्होल्कची ऑर्टेगाविरुद्धची लावली, २०२१ ची. तिसऱ्या राऊंडमध्ये ऑर्टेगाने आधी गिलोटिन (हाताने गळा दाबायचा डाव) आवळलं, त्यातून सुटतो न सुटतो तोच ट्रँगल, म्हणजे पायांनी गळा आवळणं. व्होल्कचा चेहरा जांभळा पडत चाललाय, आता हात आपटून हार मानणार असं वाटतंय, आणि हा पठ्ठ्या त्यातूनही निसटून वर येऊन ठोसे घालतोय. त्या रात्रीही मी अंदाज लिहिला होता, व्होल्कचाच. पण तो गळा आवळलेला असताना मला माझा अंदाज आठवत नव्हता. मी श्वास धरून बसले होते, एवढंच आठवतं.

तेव्हा कुठे जरा मोकळं वाटलं. जे मला दिसत होतं ते त्याला दिसत नसेल? वय त्याचं, डोकं त्याचं, ऑक्टोबरची किक त्यानेच खाल्लेली. सगळं माहीत असूनही तो गेला. हरल्यावर माईकसमोर टोपूरियाला दाद दिली आणि पुन्हा लढायचंय म्हणाला. माझ्या एका ओळीने त्याचं काय कमी झालं? काहीही नाही. उलट, त्याला हरवायला काय लागेल हे शोधायला मी त्याचा राऊंड न् राऊंड पाहिला. तो कधी हरणारच नाही असं म्हणणाऱ्यांनी त्याला तेवढं पाहिलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. आणि ते ‘बघ!’... तो शेवट लढतीच्या आधी किती वेळा माझ्या मनात होऊन गेला होता. जाळी, उजवा हात, पडणं. प्रत्यक्षात तेच दिसलं तेव्हा ते ओळखीचं होतं. ओळखीचं दिसलं की तोंडून ‘बघ’ निघतं. एवढंच असेल. पूर्ण खात्री नाही, पण आज एवढ्यावर झोप लागेल.

ओंकारला आता पुढच्यांचे अंदाज हवेत. टोपूरियाची लढत झाली त्याच रात्री यूएफसीचा प्रमुख डेना व्हाइटने यूएफसी ३०० या एप्रिलमधल्या कार्यक्रमाची मुख्य लढत जाहीर केली, तेव्हापासून तो मागे लागलाय. तर लिहिते.

९ मार्च, मायामी. ओमॅली आणि व्हेरा. २०२० मध्ये व्हेराने त्याला हरवलं होतं. गुडघ्याखाली नसेवर किक बसली आणि ओमॅलीचा पाय लुळा पडला. ओमॅलीच्या नावावर पराभव तो एकच. त्यावरून बरेच जण व्हेरा म्हणतायत. मला व्हेराची सुरुवात नडते. पहिले दोन राऊंड तो समोरच्याला देऊनच टाकतो आणि मग कामाला लागतो. पाच राऊंड असले तरी ओमॅलीसारख्या अंतर राखून मारणाऱ्यापुढे हे परवडायचं नाही. पण व्हेराला आजवर कुणी पुरतं थांबवलेलं नाही. म्हणून ओमॅली, गुणांवर. इथे मला काही टोचलं नाही.

गुणांवर गेलं की मात्र देव पावला तर पावला. जानेवारीत टोरांटोला स्ट्रिकलंड आणि दु प्लेसी २५ मिनिटं लढले. तिन्ही जजांकडे फरक एकेका गुणाचा, दोन एकीकडे, एक दुसरीकडे. एखाद्या जजने एक राऊंड उलटा दिला असता तर बेल्ट स्ट्रिकलंडकडेच राहिला असता. अशा लढतीचा अंदाज बरोबर आला म्हणून कुणी मिरवू नये.

१३ एप्रिल, लास व्हेगास, यूएफसी ३००. झांग वेइली आणि यान श्याओनान, टायटलसाठी दोन चिनी खेळाडू समोरासमोर, यूएफसीत पहिल्यांदाच. यानचे हात चांगले आहेत, पण एस्पार्झाने तिला खाली नेऊन काय केलं होतं ते पाहिलंय. झांगची ताकद तिला पेलवणार नाही. झांग.

परेरा आणि हिल. गेल्या जुलैत हिलच्या टाचेची शीर तुटली, त्याने बेल्ट सोडला, आणि इतक्या दिवसांनी परत येतोय तो थेट परेराच्या डाव्या हातासमोर. शीर जुळली असेल, पण त्या पायावर पूर्ण भार टाकून मागे उडी मारायचा विश्वास परत आला असेल का? परेरा, नॉकआउट, पहिल्या दोन राऊंडमध्ये.

आणि मग मॅक्स. होलोवे विरुद्ध गेजी. हा बेल्ट वजनगटाचा नाही, मानाचा आहे, पण राऊंड पाचच. इथे येऊन तासभर अडकलेय. मॅक्स व्होल्ककडून तीनदा हरला, आणि त्या तिन्ही वेळा मी कुणाच्या बाजूने होते ते मला आजही सांगता येत नाही. मला तो जिंकायला हवाय. इतका, की कारणं शोधत बसलेय. व्होल्कच्या वेळी पस्तिशी मोजलीस ना, मग गेजीची का नाही? दोघांचा जन्म १९८८ चाच. हा मुद्दा खरा आहे की मी तो ओढून आणतेय?

मन घट्ट करून बघितलं. मॅक्स वरच्या, १५५ पौंडांच्या गटात याआधी एकदाच मोठी लढत लढला, २०१९ मध्ये पॉइरियेशी. त्याचे ठोसे लागत होते, पण पॉइरियेचे जास्त जड लागत होते. गेजीचे त्याहून जड. त्या लो किका पहिल्या दोन राऊंडमध्येच पायाचा दगड करतात, आणि मॅक्सचा सगळा खेळ पायांवर चालतो. गेल्या जुलैत ह्याच बेल्टसाठी गेजीने पॉइरियेला डोक्यावर किक मारून पाडलं. दुसरीकडे, मॅक्सला आजवर कुणी नॉकआउट केलेलं नाही. म्हणजे पाचही राऊंड होणार. गेजी, गुणांवर. लिहिलं. या वेळीही हात अडखळला, पण मागच्यासारखं अपराधी वाटलं नाही. हे मला दिसतंय, म्हणून लिहितेय. त्या दिवशी ओरडणार मी मॅक्सच्याच नावाने, आणि ते कुणापासून लपवायची मला गरज वाटत नाही.

एक गोष्ट अंदाजात बसत नाही म्हणून वेगळी लिहून ठेवते. कॅटरविरुद्ध २०२१ मध्ये मॅक्सने ४४५ जोरकस फटके मारले होते, एका लढतीत इतके यूएफसीत कुणी मारलेले नाहीत, आणि शेवटच्या राऊंडमध्ये तर तो समोर बघायचंही सोडून बाजूच्या माणसांशी बोलत ठोसे चुकवत होता. गुणांवर मागे असला, पाय सुजलेला असला, तरी पाचव्या राऊंडची शेवटची सेकंदं मोजली जात असताना तो पुढेच चालत असेल.